पडदा आणि पडद्याआड : नागपूरच्या दोन नाटककारांची चित्रपटरूपे

मराठीत ‘पडदा’ हा एकच शब्द दोन परस्परविरोधी वस्तूंसाठी रूढ आहे. नाटकाचा पडदा झाकतो. तो दूर सरल्याखेरीज प्रयोगास आरंभ होत नाही. चित्रपटाचा पडदा मात्र दूर सरत नाही. जे काही दिसायचे ते त्याच्यावरच दिसते आणि त्याच्यामागे भिंतीवाचून काही नसते. ‘पडद्याआड’ या शब्दाला म्हणून नाटकाच्या संदर्भात जो भौतिक अर्थ आहे तो चित्रपटाच्या संदर्भात नाही. विंगेत उभा असलेला नट तेथे खरोखरच उभा असतो; चौकटीबाहेर गेलेले चित्रपटातील पात्र कोठे असते, या प्रश्नाला तितके सरळ उत्तर नाही. या दोन कलांच्या संबंधाविषयी मराठीत जी चर्चा झाली ती बहुधा वंशावळीच्या आणि भाऊबंदकीच्या भाषेत झाली. चित्रपट नाटकाच्या पोटी जन्मला, पुढे त्याने नाटकाचा ग्रास घेतला, मग तो नाटकापासून सुटून ‘शुद्ध’ झाला, असा हा त्रिखंडी वृत्तान्त आहे. दिसणारे आणि न दिसणारे यांची वाटणी ही दोन माध्यमे कशी करतात, हा प्रश्न त्यात बाजूला पडला. महेश एलकुंचवार आणि पुरुषोत्तम दारव्हेकर या नागपूरच्या दोन नाटककारांच्या कृतींचे चित्रपटात जे झाले ते पाहता हा प्रश्न टाळता येत नाही.

वंशावळीचा वृत्तान्त सर्वस्वी खोटा आहे असे नाही. १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविला गेला आणि ३ मे १९१३ रोजी त्याच ठिकाणी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. भारतीय चित्रपटाच्या जनकत्वाचा मान फाळक्यांकडे गेला त्याच्या कारणांपैकी एक असे सांगितले जाते की, तोरण्यांची कृती म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे केलेले नाटक होते. याचा अर्थ, चित्रपटाच्या इतिहासाची पहिली ओळ लिहितानाच ‘चित्रित नाटक’ ही अपात्रतेची खूण ठरली. हा शेरा पुढे शतकभर टिकला. २०१७ साली अपर्णा सेन यांनी एलकुंचवारांच्या ‘सोनाटा’वर इंग्रजी चित्रपट केला तेव्हाही तो नाटकासारखा वाटतो, अशी तक्रार झालीच. तीन मध्यमवयीन स्त्रिया, एक सदनिका, एक रात्र, अशी मूळ रचना असलेल्या कृतीला दिग्दर्शिकेने घराबाहेर फिरवून आणले असते तर ती अधिक ‘चित्रपटीय’ झाली असती काय, हे मात्र तक्रारकर्त्यांनी सांगितले नाही.

बोलपटाच्या आगमनानंतर नाटक मंडळ्या मोडल्या, ही गोष्ट खरी. परंतु त्याच काळात उलट दिशेचीही वाहतूक चालू होती. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’चा प्रयोग केला. या नाटकाने स्वाभाविक अभिनयाचा जो आग्रह धरला तो धरणारी माणसे थोड्याच वर्षांत पुण्याच्या प्रभात कंपनीत दिसू लागली. के. नारायण काळे तेथे दिग्दर्शक झाले, केशवराव भोळे संगीतकार झाले आणि ‘कुंकू’तील (१९३७) काकासाहेबांची भूमिका केशवराव दात्यांनी केली. रंगभूमीवर अर्धवट राहिलेली वास्तववादाची चळवळ चित्रपटाच्या आश्रयाने पुरी झाली, असे म्हणण्यास येथे जागा आहे; मारेकरी आणि बळी ही रूपके या ठिकाणी चालत नाहीत. बालगंधर्वांची गोष्ट निराळी. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) त्यांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. पुढे रंगभूमीवरची मीरा त्यांनी चित्रपटात उभी केली, तेव्हा ती प्रेक्षकांनी स्वीकारली नाही. रंगमंचावरचे त्यांचे स्त्रीरूप म्हणजे नट आणि प्रेक्षक यांनी मिळून रोज रात्री नव्याने केलेला करार होता. भिंग त्या कराराला बांधलेले नव्हते. त्याने समोर जे होते तेवढेच टिपले.

हा सारा इतिहास मुंबई, पुणे आणि कोल्हापूर या त्रिकोणात घडलेला आहे. नागपूर त्यात येते ते मंडळ्यांच्या दौऱ्याचे एक गाव म्हणून. १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले हे शहर मराठी रंगभूमीच्या केंद्रापासून दूर होते आणि हिंदी ही त्याच्या रस्त्यावरची रोजची भाषा होती. व्यावसायिक नाटक येथे पाहुणे म्हणून येई, चित्रपट मात्र मुक्कामाला असे. शहराच्या नकाशावरही त्याची खूण राहिली आहे : व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावे चित्रपटगृहांवरून पडलेली आहेत. स्थानिक नाटक जगले ते हौशी मंडळींच्या बळावर. दारव्हेकरांचे रंजन कलामंदिर हे त्याचे ठळक उदाहरण होय. नाटक आधी आणि चित्रपट नंतर, असा जो क्रम मराठी कलेतिहासात गृहीत धरलेला असतो तो नागपूरच्या प्रेक्षकाच्या अनुभवात उलटा होता. त्याला चित्रपट आधी भेटे; नाटक हा अपवाद असे.

एलकुंचवारांनी स्वतः सांगितलेली आणि आता नाट्येतिहासाचा भाग झालेली हकिकत या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे. १९६५ साली नागपुरात ते चित्रपट पाहण्यास निघाले होते. तिकीट मिळाले नाही म्हणून जवळ चालू असलेल्या नाटकाला जाऊन बसले. ते नाटक विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ होते आणि त्याचे दिग्दर्शन विजया मेहता यांचे होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच नाटक पाहण्यास गेले आणि नाटककार होण्याचा निश्चय करून परतले. ही हकिकत सामान्यतः योगायोगाची गंमत म्हणून सांगितली जाते. तिच्यात कलाशास्त्रीय आशयही आहे. परवलीच्या करमणुकीला मुकलेला एक तरुण दुसऱ्या माध्यमासमोर जाऊन बसतो आणि पहिल्यात जे नाही ते त्याला दुसऱ्यात दिसते. नाटकाची ओळख त्याला चित्रपटाच्या पार्श्वभूमीवर, चित्रपटाहून वेगळी वस्तू म्हणून झाली. मुंबई-पुण्याच्या नाटककाराला नाटक वारशाने मिळे. त्याला ते असे वेगळे काढून पाहण्याचे कारण सहसा पडत नसे. १९६७ साली ‘सत्यकथे’त ‘सुलतान’ ही एकांकिका प्रसिद्ध झाली, विजया मेहतांचे तिच्याकडे लक्ष गेले आणि पुढे रंगायनने एलकुंचवारांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या.

या नाटककाराच्या पुढील लेखनात चित्रपट वारंवार येतो. परंतु तो कायम पडद्याआड येतो. ‘गार्बो’ची (१९७३) नायिका चित्रपटात कामे करणारी नटी आहे आणि तिचे टोपणनावच एका जगप्रसिद्ध अभिनेत्रीचे आहे. रंगमंचावर मात्र तिचा चित्रपट एक क्षणही दिसत नाही. तेथे दिसते ती श्रीमंत, इंटक आणि पॅन्सी या तिघांच्या घरी येऊन बसणारी, थकलेली, गर्भवती स्त्री. लाखो लोकांनी पाहिलेले तिचे रूप नाटकाबाहेर ठेवले आहे आणि कोणी न पाहिलेले शरीर समोर आणले आहे. पडद्यावरच्या प्रतिमेला किंमत असते आणि त्या प्रतिमेच्या मालकिणीला नसते, ही गोष्ट नाटकच सांगू शकते, कारण त्याच्यापाशी प्रतिमा नाही, शरीर आहे. हेच कथानक चित्रपटात घेतले तर गार्बो पुन्हा एक प्रतिमा होईल. एलकुंचवारांचे हे नाटक प्रक्षोभक विषयासाठी बरेच चर्चिले गेले, माध्यमविषयक जाणिवेसाठी फारसे नाही. हा मराठी नाट्यसमीक्षेचा एक अनुशेष म्हटला पाहिजे.

‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) हीच रचना अधिक शांतपणे येते. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजींचे निधन झालेले आहे, अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर पडून आहे, दादी अजूनही गेलेल्या मुलाची चाहूल घेत आहे. अशा घरात रंजू ही भास्करची मुलगी सिनेमाच्या वेडाने झपाटलेली आहे आणि अखेर घरातले दागिने घेऊन ती शिकवणीच्या मास्तराबरोबर मुंबईला पळून जाते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले सोने वाड्याबाहेर जाते ते या वाटेने. कूळकायदा, शेतीची पडझड, शहराकडे गेलेला भाऊ ही वाड्याच्या विनाशाची कारणे समीक्षकांनी पुरेशी चर्चिली आहेत. सिनेमा हे त्यांतले एक कारण आहे याकडे दुर्लक्ष झाले. तेही नाटककाराने रंगमंचावर आणलेले नाही. रंजूला दिसणारी मुंबई आणि तिला दिसणारा पडदा प्रेक्षकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो रिकामा झालेला डबा आणि त्याभोवती जमलेले घर.

न दिसणाऱ्यावर उभी असलेली ही नाट्यरचना जेव्हा कॅमेऱ्यापुढे येते तेव्हा काय होते, याची सर्वांत बोलकी साक्ष ‘पार्टी’ देते. ज्येष्ठ साहित्यिक दिवाकर बर्वे यांना मोठा पुरस्कार मिळाल्यानिमित्त कलाप्रेमी दमयंती राणे यांच्या घरी मेजवानी आहे. लेखक, नट, पत्रकार, डॉक्टर, होतकरू कवी सारे आलेले आहेत. बोलणे मात्र वारंवार वळते ते न आलेल्या अमृतकडे. कवी म्हणून नाव झाल्यावर तो शहर सोडून आदिवासींमध्ये काम करण्यास गेलेला आहे. दमयंतीची मुलगी सोना हिच्या मुलाचा तो बाप आहे. नाटकात अमृत रंगमंचावर येत नाही. त्याला घडविले आहे ते इतरांच्या बोलण्याने : कोणाच्या कौतुकाने, कोणाच्या मत्सराने, कोणाच्या अपराधी भावनेने. त्यामुळे प्रेक्षकाला एक शंका घेण्यास वाव राहतो. हा माणूस खरोखर तसा आहे, की या मंडळींना आपल्या पोकळपणाचे माप घेण्यासाठी एक अमृत हवा आहे म्हणून त्यांनी तो रचला आहे? नाटकाचा सारा दाब या अनिश्चिततेत आहे.

गोविंद निहलानी यांनी १९८४ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळासाठी ‘पार्टी’ हिंदीत केला. पटकथा एलकुंचवारांचीच होती. दमयंती राणेंच्या भूमिकेत विजया मेहता होत्या. ज्यांच्या दिग्दर्शनाने एका तरुणाला चित्रपटाच्या रांगेतून नाटकाकडे ओढले होते त्या, जवळपास वीस वर्षांनी, त्याच्या नाटकाच्या चित्रपटरूपात मध्यवर्ती भूमिका करीत होत्या. मनोहर सिंग, रोहिणी हट्टंगडी, ओम पुरी, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी ही सारी नावे रंगभूमीची. स्वतः निहलानी सत्यदेव दुबे यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे (१९७१) छायालेखक होते आणि पुढेही इब्सेन आणि लोर्का यांच्याकडे ते वळलेच. म्हणजे हा चित्रपट नाटकाला ओळखणाऱ्या माणसांनी केलेला आहे. त्यांनी जो बदल केला तो अज्ञानातून झालेला नाही.

तो बदल असा. मेजवानीच्या उत्तरार्धात अमृत मारला गेल्याची वार्ता येते. पाहुणे पांगतात. आणि शेवटी, दुःस्वप्नासारख्या दृश्यात, रक्ताळलेला, जीभ कापलेला अमृत बर्वे आणि तरुण कवी भरत यांच्यासमोर उभा राहतो. नसीरुद्दीन शाह या चित्रपटात दिसतात ते येथेच. ज्याच्या अनुपस्थितीवर नाटक उभे होते तो येथे उपस्थित होतो.

आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने १९५१ साली रंगभूमी आणि चित्रपट यांच्या तुलनेत जे सूत्र मांडले ते या ठिकाणी लावून पाहता येते. त्याच्या मते चित्रपटाची चौकट ही चित्राची चौकट नव्हे. ती जगाचा थोडाच भाग उघडा ठेवणारा मुखवटा आहे. पात्र चौकटीबाहेर गेले तरी ते जगात कोठेतरी आहे असेच प्रेक्षक मानतो. रंगमंचाला असा बाहेरचा प्रदेश नाही. विंगेपलीकडे फक्त रंगपट आहे. या न्यायाने पाहिले तर अमृतला न दाखवता जिवंत ठेवणे चित्रपटाला नाटकापेक्षा सोपे जावयास हवे होते. कॅमेऱ्याने बंगल्यातल्या कितीही खोल्या दाखविल्या तरी त्या घराबाहेर एक जंगल आहे आणि त्यात तो आहे, हे प्रेक्षकाने सहज मानले असते. मग तो दाखविण्याची गरज का पडली?

एक उत्तर काळात शोधता येईल. निहलानींच्या ‘आक्रोश’मधला (१९८०) आदिवासी कैदी बोलत नाही, त्याच्या मौनाने तो चित्रपट व्यापलेला आहे. ‘पार्टी’तला अमृत बोलू शकत नाही, कारण त्याची जीभ कापली गेली आहे. या दोन तोंडांमधली संगती योगायोगाची नाही. राज्यसंस्थेच्या हिंसेचा पुरावा समोर ठेवणे ही त्या काळच्या या दिग्दर्शकाची निकड होती, आणि पुरावा डोळ्यांना द्यावा लागतो. दुसरे उत्तर माध्यमाचे आहे. ‘पार्टी’ नाटकात सारे बोलतात आणि त्या बोलण्याचीच नाटकाला किळस आहे. परंतु नाटक ती किळस बोलूनच व्यक्त करू शकते. ओम पुरींचा अविनाश कलावंताच्या राजकीय जबाबदारीविषयी जो तीव्र वाद घालतो तोही अखेर हातात पेला घेतलेल्या लोकांत घातलेला वादच ठरतो. कापलेली जीभ ही या साऱ्या बोलण्यावर शब्दाविना उमटलेली खूण आहे, आणि ती उमटविणे चित्रपटाला साधले. हा लाभ मोठा आहे.

किंमतही मोठी आहे. अमृतचे शरीर दिसले की तो ‘आहे’ हे निश्चित होते, आणि ती पहिली शंका संपते. नाटकाचा प्रश्न होता, ‘आपण बोलणारे कोण?’ चित्रपटाचा शेवटचा प्रश्न होतो, ‘त्याचे काय केले?’ पहिला प्रश्न प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला सुटू देत नाही, कारण तोही त्याच वर्गातला, तशाच मेजवानीतून आलेला. दुसरा प्रश्न त्याला शोक करण्याची आणि शोक करून मोकळे होण्याची सवलत देतो. अमृतला हुतात्मा करून चित्रपटाने त्याला नाटकापेक्षा थोडे निरुपद्रवी केले, असे मत मांडले तर ते अन्यायाचे होणार नाही. पटकथाही नाटककाराचीच असल्याने मूळ कृतीशी द्रोह झाला, ही नेहमीची ओरड येथे करता येत नाही. एकाच लेखकाला दोन माध्यमांत दोन निरनिराळी सत्ये सांगावी लागली, एवढेच दिसते.

त्याच वर्षीच्या ‘होळी’त केतन मेहता यांनी वेगळा मार्ग धरला. महाविद्यालयीन मुलांच्या हुल्लडीचे रूपांतर एका मुलाच्या छळात आणि आत्महत्येत होते, हे मूळ एकांकिकेचे सूत्र. आयुष्यभर नागपूरच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकविलेल्या लेखकाला तो परिसर बाहेरून शोधावा लागला नसणार. मेहतांनी चित्रपट मोजक्या, प्रदीर्घ, न तोडलेल्या चित्रणांत बांधला. कॅमेरा मुलांच्या घोळक्यातून चालत राहतो, आणि काटछाटीने मिळणारी सुटका प्रेक्षकाला मिळत नाही. येथे चित्रपटाने नाटकाकडून त्याचा काळ उचलला : आरंभापासून अंतापर्यंत सलग वाहणारा, ज्यात एखादी चेष्टा क्रौर्य कधी झाली ते नेमके दाखविता येत नाही असा. जहांगीर चौधरी यांच्या छायालेखनास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘चित्रपटीय’ म्हणून गौरविलेली ही गोष्ट मुळात नाटकाची होती, हे येथे नोंदविले पाहिजे.

‘पार्टी’ आणि ‘होळी’ हिंदीत झाले. ‘वाडा चिरेबंदी’चे विजया मेहतांनी केलेले दूरचित्रवाणीरूप ‘हवेली बुलंद थी’ हेही हिंदी, आणि ‘सोनाटा’ इंग्रजी. मराठी नाटकाला चित्रपटातले दुसरे आयुष्य मिळाले ते त्याच्या भाषेबाहेर. ‘सामना’ (१९७५) किंवा ‘उंबरठा’ (१९८२) असे अपवाद सोडले तर त्या दोन दशकांतल्या मराठी चित्रपटव्यवसायाला आपल्याच नाटकाच्या या शाखेशी काही देणेघेणे नव्हते. वाड्याची पडझड वऱ्हाडच्या मातीतली आणि बोलीतली. हवेली कोठलीही असू शकते. भाषांतरात हरवले ते शब्दांपुरते नसते, त्या घराचे गावही हरवते.

दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ची कथा याच्या उलट आहे. तेथे प्रश्न अनुपस्थित माणसाचा नाही, उपस्थित कंठाचा आहे. २४ डिसेंबर १९६७ रोजी नाट्यसंपदेने हे संगीत नाटक रंगमंचावर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे होते. वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा, गाण्याचे आरंभीचे शिक्षण नागपूरचे, शंकरराव सप्रे यांच्याकडचे. बालपणी भालजी पेंढारकरांनी त्यांना ‘कालिया मर्दन’मध्ये (१९३५) कृष्ण केले होते, म्हणजे ज्या गायकनटाने संगीत रंगभूमीला उतरत्या काळात उभारी दिली तो लोकांपुढे आला होता तो चित्रपटातून. वंशावळ पुन्हा येथे गोंधळते.

‘कट्यार’चा विषयच मुळी गाणे कोणाचे हा आहे. विद्या घराण्याची, की कंठाची, की जो जीव ओतून ऐकतो त्याची? सदाशिव पंडित भानुशंकरांकडे शिकण्याच्या ओढीने येतो आणि त्याच हवेलीत आलेल्या खाँसाहेबांची गायकी चोरून आत्मसात करतो. एका गळ्यातले गाणे दुसऱ्या गळ्यात उतरते, आणि त्या उतरण्याला चोरी म्हणावे की दीक्षा, यावर नाटक तोलले आहे. रंगमंचावर हा प्रश्न वास्तव होता, कारण गाणारा कंठ आणि बोलणारे तोंड एकच होते. वसंतरावांचा खाँसाहेब गात असे तेव्हा पात्र संपून गायक कोठे सुरू झाला हे सांगता येत नसे. ताना आज लागतील की नाही हे कोणालाच आधी ठाऊक नसे. लागल्या तर प्रेक्षक ‘वन्समोअर’ देई आणि कथानक थांबून राही. नाट्यशास्त्राच्या कडव्या शिष्यांना हे थांबणे रसभंग वाटत आले आहे. परंतु ‘वन्समोअर’ हा प्रेक्षकाचा प्रयोगावरचा हक्क होता, आणि पद किती वेळ चालेल हे त्या रात्री समोरासमोर ठरत असे.

२०१० साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे होते आणि सदाशिवाच्या भूमिकेत महेश काळे. दोघेही मुख्यतः गायक. त्यांनी अभिनय केला तो गाण्याच्या आधाराने. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, त्याच भाव्यांनी त्याच नाटकाचा चित्रपट केला. आता खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा होता आणि गळा राहुल देशपांड्यांचा. सदाशिवाचा चेहरा स्वतः भाव्यांचा आणि गळा महेश काळ्यांचा. रंगमंचावर जी दोन अखंड माणसे होती त्यांचे चित्रपटात चार अर्धुके झाले. इतके नेमके, प्रयोगशाळेत करावे तसे उदाहरण या विषयाच्या अभ्यासकाला क्वचितच मिळते : दिग्दर्शक एकच, गायक तेच, जुनी पदेही पुष्कळशी तीच, बदलले आहे ते केवळ माध्यम, आणि बदलताच आवाज शरीरापासून सुटला आहे.

पार्श्वगायन ही भारतीय चित्रपटाची इतकी जुनी रूढी आहे की तिच्यात कोणाला काही खटकत नाही. चित्रपट तुडुंब चालला, काळ्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि नाट्यसंगीत कधी न ऐकलेल्या तरुणांच्या तोंडी ती पदे बसली. हे यश खोटे मानण्याचे कारण नाही. तरीही या एका कथेत ती रूढी विचित्र ठिकाणी येऊन बसते. ज्या कथेचा सारा ताण गळा उसना घेता येतो का या प्रश्नावर आहे, तीत दोन्ही नायकांचे गळे उसने आहेत, आणि त्याबद्दल कथेत कोणीही कट्यार उपसत नाही. चित्रपटाने पूर्वकथेला भरपूर विस्तार दिला, हवेलीला वैभव दिले, कट्यारीला निवेदिकेचा आवाजही दिला. नाटकात निर्जीव असलेली वस्तू येथे बोलू लागली. गाणारी माणसे मात्र ओठ हलवू लागली.

येथे उलट बाजूही पाहिली पाहिजे. १९८३ साली वसंतराव गेले. त्यानंतरच्या पिढ्यांना ‘कट्यार’ ठाऊक होते ते ध्वनिमुद्रिकांतून, म्हणजे शरीरावाचूनच्या आवाजातून. रंगमंचावरची अखंडता ज्यांनी पाहिली त्यांच्याबरोबर ती संपत होती. आवाजाला दुसऱ्याचा चेहरा लावण्याआधी तो आवाज कित्येक वर्षे चेहऱ्यावाचून घराघरांत फिरत होता. म्हणून आवाज आणि शरीर यांची ताटातूट चित्रपटाने केली असे म्हणण्यापेक्षा, तबकडीने केलेली ताटातूट चित्रपटाने आपल्या रीतीने सांधली, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. सांधा दिसतो, ही गोष्ट वेगळी. नाटकाची बाजू घेणाऱ्या समीक्षकाला हे मान्य करावे लागते की प्रयोगाची थोरवी ज्या क्षणिकतेत आहे तीच त्याची स्मृती पुसून टाकते. आणि चित्रपटाची बाजू घेणाऱ्याला हे मान्य करावे लागते की जे टिकते त्यात त्या रात्रीची जोखीम नसते.

‘पार्टी’ आणि ‘कट्यार’ शेजारी ठेवले की एक उलटापालट दिसते. एलकुंचवारांच्या नाटकाने ज्याला दडविले त्याला चित्रपटाने शरीर दिले. दारव्हेकरांच्या नाटकाने ज्याला शरीरासह समोर उभे केले त्याचे शरीर चित्रपटाने काढून घेतले. दोन्ही ठिकाणी चित्रपट आपल्या स्वभावाशी प्रामाणिक राहिला. कॅमेरा दाखवितो, म्हणून न दिसणारे दिसते. आणि तो दाखवितो ती प्रतिमा, म्हणून समोर असलेलाही तेथे नसतो. दोन नाटककार एकाच शहराचे असले तरी त्यांच्या नाट्यधर्मात साम्य शोधण्याचा अट्टहास नको. एकाची परंपरा तेंडुलकरांच्या आणि पाश्चात्त्य नाटकाच्या वाचनातून आलेली, दुसऱ्याची किर्लोस्कर-देवलांच्या संगीत नाटकाची. नाट्यशास्त्राच्या वर्गात त्यांना सहसा एका तासिकेत बसवीत नाहीत. चित्रपटाच्या कसोटीवर मात्र ते एकमेकांवर प्रकाश टाकतात.

१ एप्रिल २०२२ रोजी निपुण धर्माधिकारी यांचा ‘मी वसंतराव’ प्रदर्शित झाला. त्यात वसंतरावांची भूमिका राहुल देशपांड्यांनी केली आणि गाणेही त्यांचेच होते. त्या गायनास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. २०१० मध्ये जो रंगमंचावर शरीर आणि आवाज या दोन्हींनिशी खाँसाहेब होता, २०१५ मध्ये जो केवळ आवाज झाला, तो येथे पुन्हा अखंड होऊन पडद्यावर येतो, पण आता खाँसाहेब म्हणून येत नाही. ज्याने खाँसाहेब प्रथम उभा केला त्या आपल्या आजोबांच्या रूपाने येतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे. तेथे पद रंगले तर अजूनही ‘वन्समोअर’ येतो, आणि गाणाऱ्याला तो घ्यावा लागतो.